माझ्या पाठीवरचे पाच दसरे

मी एक जुना राउटर आहे. मित्रांनो, माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. त्या कारखान्यालाही मी आठवत नसेन. कळायला लागलो तेव्हा पुंडलिकनगरात, साहेबरावांच्या घरी, टीव्हीवरच्या खिळ्याला लटकलेलो होतो. पाच वर्षे इमानेइतबारे सेवा केली. कौतुक एकदाच झाले, तेही शेजाऱ्यांकडून. ते माझ्यावरच जगत होते.

साहेबराव म्हणजे वैजापूरच्या मार्केट यार्डातले निवृत्त मापाडी. त्यांची सून रूपाली हिने लेकरासाठी नोकरी सोडली, त्याला तीन वर्षे झाली होती. त्या सोमवारी अकरा वाजता तिची ऑनलाइन मुलाखत होती. मोबाइलला आमच्या घरात रेंज नाही, त्यामुळे सगळी भिस्त माझ्यावर.

नेमके त्याच दिवशी दहाला कंपनीला मला सुधारावेसे वाटले. अपडेट आले. माझा दिवा लाल लुकलुकू लागला. अशा वेळी दहा मिनिटे कुणी हात लावू नये, एवढीच आमची अपेक्षा असते. पण जन्मभर कांदा मोजलेल्या साहेबरावांना एकच विद्या ठाऊक: काट्यावरचे आकडे थरथरले, की काटा बंद करून चालू करायचा. त्यांनी मला तीनदा बंद करून चालू केले. वर एक चापट मारली. मी स्वतःचे नावही विसरलो.

"मामा, काय केलं तुम्ही?" रूपाली धावत आली.

"काय नाय. फडफडत होता, गप केला."

"लईच गप केला!"

तिने कनेक्शनवाल्याला गच्चीवरून फोन लावला. तो म्हणाला, मागच्या भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबा, मग पाठीवरच्या स्टिकरवरचा पासवर्ड टाका. टाचणी घातली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. मग मला पालथे केले, तर स्टिकर दिसेना.

रूपालीच्या सासूबाई, मनकर्णाबाई, दर दसऱ्याला शिलाई मशीन, मिक्सर आणि मला पूजतात. तोंडावर दिवे, म्हणून हळदकुंकू पाठीवर. पाच दसऱ्यांचा थर साचला होता. पासवर्ड त्याच्याखाली.

रूपालीने नख लावले.

"थांब गं! पूजेचं कुंकू खरवडतेत व्हय?"

"आत्याबाई, साडेदहा झाले." तिने घड्याळ दाखवले. "तीन वर्षांनी कुणीतरी बोलावलंय मला."

मनकर्णाबाई उठल्या. खोबरेल तेलाचा बोळा घेऊन आल्या.

"खरवडायचं नसतं. उतरवून घ्यायचं असतं," असे म्हणून त्यांनी माझी पाठ अशी हळुवार पुसली, की मला झोपच येऊ लागली. एकेक अक्षर वर आले. साहेबरावांनी चष्मा चढवला आणि यार्डात वजन पुकारावे तसा पासवर्ड पुकारला. अर्ध्या गल्लीला तो पाठ झाला. अकराला दोन मिनिटे कमी असताना माझा दिवा हिरवा झाला.

रूपालीला नोकरी लागली. घरी बसूनच करायची. काम काय, तर लोकांच्या घरोघरच्या यंत्रांना अपडेट पाठवायचे.

म्हणून मित्रांनो, मला हात नाहीत, दोन अँटेना आहेत. त्या जोडून विनंती करतो. लाल दिवा लुकलुकला, की दहा मिनिटे हात खिशात ठेवा. पलीकडे आमची सूनबाई बसलेली असते.