शुद्ध जर्मन

उत्तर जर्मनीतल्या कीलच्या विद्यापीठात जर्मानिक भाषांच्या इतिहासाचा पहिलाच तास होता. बाईंनी फळ्यावर सफरचंदासाठी दोन शब्द लिहिले, ‘आपेल’ आणि ‘आप्फेल’, आणि म्हणाल्या, “आपल्या उत्तरेकडच्या खेड्यांतला ‘आपेल’ बिघडलेला नाही. तोच जुना आहे. बदलला तो पुस्तकातला ‘आप्फेल’.”

वर्गात बसलेल्या गेशेला गावाकडचा बाबा आठवला. शाळेत असताना तिने बाबाला बजावलं होतं, “मैत्रिणींसमोर ते गावंढळ बोलू नकोस रे, लाज वाटते.” बाबा नुसता हसला होता आणि त्या दिवसापासून लेकीशी शुद्ध जर्मन बोलू लागला होता.

शनिवारी ती गावी गेली. बाबा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता.

“बाबा, आपल्या बोलीत बोल ना माझ्याशी.”

“आता काय हे नवीन?”

“मला शिकायचीय.”

त्याने हौसेने एक वाक्य सुरू केलं, मध्येच अडखळला आणि शुद्ध जर्मनमध्ये ते पुरं केलं.

“आजी गेल्यापासून बोलायला कुणी उरलंच नाही गं,” तो म्हणाला. “आणि तुझ्याशी तर जीभच वळत नाही.”

त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच तिला जास्त लागलं. तिने दुसरी सुरी घेतली आणि त्याच्याशेजारी बटाटे सोलायला बसली.