एकानंतर दहा

मित्रांनो, एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर लांबट सभागृह आहे. त्याच्या कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात, खालच्या खणात, बुटांचे एक रिकामे खोके आहे. जुन्या कॅसेटच्या शेजारी, त्या खोक्यात सध्या माझा मुक्काम असतो. मी खिशात मावणारा म्युझिक प्लेयर आहे. आता जुना झालो. आकाराने पत्त्यांच्या जोडाएवढा. पुढून राखाडी, मागून एकसंध पत्र्याचा. माझ्या पाठीवर एकही स्क्रू नाही. ही गोष्ट ध्यानात असू द्या.

खरे सांगायचे तर मी थकलो आहे. जन्मभर दुसऱ्यांचे सूर वाजवले, स्वतःचे चार शब्द बोलायची संधी आज मिळते आहे. तेव्हा शेवटपर्यंत ऐका, एवढेच मागणे. हे मागणे मी का करतो, ते पुढे कळेल.

माझा जन्म एका लांबलचक सरकत्या पट्ट्यावर झाला. हातमोजे घातलेल्या हातांनी माझ्या पोटात इवलीशी फिरती तबकडी बसवली, तिच्याखाली बॅटरी चिकटवली आणि पाठ दाबून लावली. टक् असा आवाज झाला आणि मी कायमचा मिटलो. तपासणीच्या टेबलावर मला एक धून वाजवायला लावली. ती नीट वाजली. त्यानंतर दुसरी कोणती वाजते, हे कोणी पाहिले नाही. पुढे जे घडले त्याचे मूळ त्या टेबलावर आहे, असे मला आता वाटते.

मला विकत घेणारा गृहस्थ चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे काम करी. काचेच्या बाबतीत हा माणूस कमालीचा काटेकोर. घासलेली काच उजेडासमोर धरायची, फिरवायची, पुन्हा धरायची आणि मगच चौकटीत बसवायची. पण बाजारात एखादे नवे यंत्र आले, की हा सगळा काटेकोरपणा कुठे जाई कोण जाणे. पहिली वस्तू त्याच्याच घरी यायची. त्याची मोठी बहीण त्याला ‘पहिलटकर’ म्हणत असे.

“दरवेळी पहिलंच,” ती म्हणायची, “आणि दरवेळी कळा.”

कळा तर होत्याच. मला वाजवायचे तर आधी संगणक हवा. संगणकाला माझी तार हवी. ती तार घरातल्या दुसऱ्या कोणत्याही तारेसारखी नव्हती. तार लावली, तरी संगणकाला मी ओळखीचा वाटायला हवा. तो मला कधी ओळखे, कधी सरळ तोंड फिरवी. मग गृहस्थ मला काढायचा, फुंकर मारायचा, पुन्हा लावायचा. एकदा त्याने मोठ्या हौसेने माझ्यावर सुधारित आवृत्ती चढवली आणि माझ्या पोटातली सारी गाणी पुसली गेली. त्याने मदतीसाठी दिलेल्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडे माणूस येईना, नुसते संगीत वाजत राहिले.

“हे बरंय,” त्याची बायको म्हणाली. “आता गाणी फोनवरच ऐकत जा.”

चालताना झटका बसला की माझी तबकडी अडखळे आणि गाण्याला उचकी लागे. म्हणून जिना उतरताना तो मला खिशातून काढी आणि काठोकाठ भरलेली वाटी धरावी तसा तळहातावर धरून उतरे. दुकानात मात्र त्याने माझा एकही दोष कधी सांगितला नाही. “एकदम झकास चाललंय,” असेच तो म्हणे. मित्रांनो, ही स्तुती मला आवडली नाही असे नाही. पण खोट्या स्तुतीनेही माणूस काय, यंत्रही दमते.

आता त्याच्या बहिणीविषयी सांगतो. ताई शाळेत कवायत शिकवत असे. निवृत्त झाल्यावर तिने या सभागृहात गुडघे, पाठी आणि खांदे आखडलेल्या वृद्धांसाठी व्यायामाचा वर्ग सुरू केला. तिची पद्धत निराळी होती. वर्गात ती तोंडातून एकही सूचना देत नसे. “आयुष्यभर यांना कुणी ना कुणी सांगतच आलंय, ऊठ आणि बस,” ती म्हणे. “मी नाही सांगणार.” तिने अकरा धुना निवडल्या होत्या आणि प्रत्येक धुनेला एक हालचाल ठरवून दिली होती. पहिलीला मान आणि खांदे. दुसरीला जागच्या जागी चालणे. असे करत दहावीला चटईवर डोळे मिटून आडवे व्हायचे आणि अकरावीला उठून चटई गुंडाळायची. धून हीच सूचना. मंडळी इतकी तयार झाली होती, की सूर कानावर पडताच अंग आपोआप वळे.

अडचण टेपरेकॉर्डरची होती. त्यातल्या कॅसेटची फीत ताणली गेली होती आणि धुना रेंगाळू लागल्या होत्या. त्याहून मोठी अडचण सभागृहाची होती. वर्गात माणसे कमी झाली होती आणि वाचनालयाच्या व्यवस्थापकांनी ताईला स्पष्ट सांगितले होते, की नवी माणसे आली नाहीत तर सायंकाळची वेळ दुसऱ्यांना द्यावी लागेल. आशा एकच उरली होती. जवळच्या रुग्णालयातल्या हाडांच्या डॉक्टरीणबाई वर्ग पाहायला येणार होत्या. त्यांना पटले, तर त्या आपले रुग्ण पाठवणार होत्या. नाही पटले, तर वर्ग बंद.

त्या भेटीच्या आदल्या दिवशी गृहस्थाने मला ताईसमोर ठेवले. सुट्टीचा अख्खा दिवस खर्चून त्याने कॅसेटवरच्या धुना संगणकात घेतल्या होत्या, त्यांची रेंगाळलेली लय ताळ्यावर आणली होती, त्यांचे अकरा तुकडे केले होते आणि त्यांना एकपासून अकरापर्यंत आकड्यांचीच नावे दिली होती.

“उद्या टेपच राहू दे रे,” ताई म्हणाली. “ओळखीची आहे.”

“ताई, ती टेप ऐकून डॉक्टरांना वाटेल, वर्गही असाच ओढत चाललाय. हे बघ, ऐक.”

त्याने पहिली धून लावली. सूर स्वच्छ आणि ताठ निघाले. ताईचा चेहरा उजळला.

“बाकीच्या?”

“बाकीच्याही अशाच,” असे म्हणून त्याने मला बंद केले.

मित्रांनो, मला तेव्हा बोलता आले असते तर मी ओरडून सांगितले असते, की मला आकडे मोजता येत नाहीत. मला बनवणाऱ्यांनी मला फक्त नावे ओळीत लावायला शिकवले होते. शब्दकोशात जसे पहिले अक्षर पाहून शब्द लावतात, तसे मी पहिली खूण पाहून नाव लावतो. एकाची खूण ज्यांच्या आरंभी असेल, ती सगळी नावे माझ्या हिशेबी आधी. दहा आणि अकरा लिहितानाही आरंभी एकाचीच खूण येते. म्हणजे एक, मग दहा, मग अकरा आणि त्यानंतर दोन.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी सभागृहात चटया अंथरल्या होत्या. डॉक्टरीणबाई भिंतीशी खुर्ची घेऊन बसल्या. गृहस्थ माझी तार स्पीकरला जोडून ऐटीत उभा राहिला. पहिल्या रांगेत मास्तर होते. हे एकेकाळी बँडमध्ये ट्रंपेट वाजवत आणि त्यांच्याच ओळखीने निम्मा वर्ग जमला होता.

पहिली धून वाजली. माना वळल्या, खांदे फिरले. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. आणि लगेच मी दहावी सुरू केली.

क्षणभर मंडळी थबकली. पण धून हीच सूचना. एकामागून एक सगळे चटईवर आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले.

“व्यायाम एवढाच?” डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारले.

तेवढ्यात अकरावी लागली. मंडळी उठून बसली आणि इमानेइतबारे चटया गुंडाळू लागली. एक आजी चपला शोधायला निघाल्या.

“आज शाळा लवकर सुटली वाटतं,” त्या म्हणाल्या.

“पाहुणे आलेत ना,” दुसऱ्या आजी म्हणाल्या. “सुट्टी असणार.”

ताई धावत माझ्यापाशी आली आणि तिने माझे बटण दाबले. माझे बटण बराच वेळ दाबून धरले, तरच मी बंद होतो; नुसते दाबले तर थांबतो, पुन्हा दाबले तर सुरू होतो. ताईने घाईघाईने ते पुन्हापुन्हा दाबले. मी थांबलो, वाजलो, थांबलो, वाजलो. शेवटी तिने स्पीकरची तारच उपटली.

गृहस्थ भिंतीला टेकला होता. ज्या हातांनी तो काचेचा बारीकसा ओरखडाही हेरायचा, ते हात रिकामी तार गुंडाळत होते. ताई मधोमध उभी होती. कधी न दिलेली सूचना आता द्यावी की काय, अशा विचारात तिने तोंड उघडले आणि पुन्हा मिटले.

मग मास्तरांनी अर्धवट गुंडाळलेली चटई खाली ठेवली, ओठांचा चंबू केला आणि तोंडानेच ट्रंपेट वाजवायला सुरुवात केली. “पँ प-पँ, पँ प-पँ.” ती दुसरी धून होती.

पाय हलले. आधी मास्तरांचे, मग आजींचे, मग साऱ्यांचे. कोणी गुणगुणत होते, कोणी नुसत्या टाळ्या देत होते, आणि सगळी मंडळी जागच्या जागी चालत होती. तिसरी धून त्या चपला शोधणाऱ्या आजींनी उचलली. सूर बेताचाच होता, पण ताल पक्का. अशा रीतीने त्यांनी दहावीपर्यंत सगळ्या धुना तोंडाने म्हटल्या. दहावीला आडवे झाल्यावर मास्तरांचा आवाज इतका मंद झाला, की डॉक्टरीणबाईंनीही क्षणभर डोळे मिटले. अकरावी सगळ्यांनी मिळून म्हटली आणि चटया पुन्हा गुंडाळल्या गेल्या.

डॉक्टरीणबाई उठल्या. “मी सांगितलेला व्यायाम माझे पेशंट घरी गेल्यावर विसरतात,” त्या ताईला म्हणाल्या. “तुमच्या माणसांच्या अंगात तो मुरलाय. पुढच्या आठवड्यापासून पाठवते.” दाराशी जाऊन त्या वळल्या. “ते यंत्र मात्र तेवढं बघून घ्या.”

वर्ग वाचला. माझी अब्रू मात्र गेली.

“पीसच खराब निघाला,” गृहस्थ म्हणाला.

ते वाक्य मला अजून लागून आहे. मला जसे सांगितले होते, तसेच मी वाजवले होते.

“तू सगळं ऐकलं होतंस?” ताईने विचारले.

“पहिलं ऐकलं ना.”

“चष्म्याची एकच काच बघून दुसरी तशीच बसवतोस का रे?”

ताईने गुंडाळलेल्या दोन चटया भिंतीशी टाकल्या आणि त्याला शेजारी बसवले. माझ्या इअरफोनचे एक टोक तिने स्वतःच्या कानात घातले, दुसरे त्याच्या.

“आता उठायचं नाही,” ती म्हणाली. “शेवटपर्यंत.”

जन्मल्यापासून मला पहिल्यांदाच कोणीतरी सगळे ऐकत होते. दहावी लागली तेव्हा गृहस्थ चुळबुळला. ताईने त्याचा गुडघा दाबून धरला. अकरावी संपली, दुसरी लागली आणि तो एकदम ताठ बसला.

“अगं ताई, हे मोजतच नाहीये. हे नुसतं ओळीत लावतंय.”

त्याने घरी जाऊन एकपासून नऊपर्यंतच्या प्रत्येक आकड्याआधी एक शून्य लावले. काम एवढेसेच होते. परत आल्यावर त्याने कोणी न सांगता चटईवर बसून मला अकराव्या धुनेपर्यंत ऐकले, मगच ताईच्या हाती दिले. त्यानंतर कित्येक वर्षे मी या सभागृहात वाजलो आणि एकदाही क्रम चुकलो नाही. गृहस्थाने यथावकाश दुसरा, तिसरा प्लेयर घेतला. मी ताईकडेच राहिलो. मास्तर पुढे यायचे थांबले. पण दुसरी धून लागली, की मंडळी माझ्या आवाजावर आपला आवाज चढवून ‘पँ प-पँ’ म्हणतच. नव्याने आलेले रुग्णही म्हणत, का ते त्यांना ठाऊक नसे.

मग माझी बॅटरी थकली. सकाळी पोटभर चार्ज केलेला मी संध्याकाळी निम्म्या वर्गातच डोळे मिटू लागलो. ताई मला दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. कारागिराने मला उलटेसुलटे केले, पाठीवर अंगठा फिरवला.

“मावशी, हे उघडायला केलेलंच नाही.”

“अहो, मग खराब झालं तर?”

“तर नवं घ्यायचं.”

माझ्या शेजारच्या कॅसेटची गुंतलेली फीत पेन्सिल घालून गुंडाळता येते. माझ्या पाठीला एक स्क्रू असता, तर मीही आज कामावर असतो.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या यंत्रे बनवील. त्याने ती उघडता येतील अशी बनवावीत. कोणी नवे यंत्र हौसेने घरी आणील. त्याने ते पहिल्या सुरावर भाळून दुसऱ्याच्या गळ्यात बांधू नये. आणि एखादे यंत्र चुकले, तर ते खराब म्हणण्याआधी आपण त्याला काय सांगितले होते, हे एकदा तपासावे.

हल्ली वर्गात गृहस्थाचे कोणते तरी नवे यंत्र वाजते. ते आले त्या दिवशी ताईने कपाटासमोर दोन चटया टाकल्याचा आवाज मी ऐकला. “पहिलटकर, बस,” ती म्हणाली. तो बसला आणि त्याने शेवटपर्यंत ऐकले.

मी आता वाजू शकत नाही, पण ऐकायला बॅटरी लागत नाही. रोज सायंकाळी कपाटाच्या दारापलीकडे पहिली धून सुरू होते आणि मी अंग चोरून बसतो. ती संपते. मग कोणीतरी ‘पँ प-पँ’ म्हणते, पावले जागच्या जागी चालू लागतात, आणि मी निर्धास्तपणे पुन्हा पडून राहतो.