पावलांशी टेकलेला बाण

मित्रांनो, कोल्हार गावी एका शेतकऱ्याच्या घरात खिडकीलगतच्या मेजावर बसलेला मी एक जुना संगणक आहे. माझी काच आता काळी आहे. तरीही तिच्यावरची धूळ रोज पुसली जाते.

नगरच्या एका दुकानात माझी जोडणी झाली. ज्ञानेश्वर नावाच्या विद्यार्थ्याने मला टेम्पोत मांडीवर धरून घरी आणले. माझ्यावर अभ्यास करून तो बंगळूरला नोकरीस लागला. जाताना त्याने माझ्यात एक विशेष प्रणाली बसविली. तिच्या योगे दूरच्या माणसास माझा पडदा दिसे व त्यावरचा माउसचा बाण तिकडून हलविता येई. मात्र पडद्यावरचे आकडे घरच्या माणसाने फोनवर वाचून दाखविल्यावाचून कोणास आत येता येत नसे.

आकडे वाचण्याचा मान त्याच्या आईचा, मालनबाईंचा होता. आकडे वाचून झाले की बाण आपोआप हलू लागे आणि त्या म्हणत, "आला माझा ग्यानू." मग तो तिकडून कीर्तन लावून देई, नातीची, रोहिणीची, छायाचित्रे उघडून दाखवी.

एका दसऱ्याला त्यांनी माझी पूजा केली आणि कळफलकात कुंकू सांडले.

"आये, त्याच्या पोटात कुंकू गेलंय," ते ऐकून ज्ञानेश्वर फोनवर म्हणाला.

"तुज्या पोटात काय जातं ते सांग आधी. लई वाळलास."

"तिथनं तुला मी दिसतो व्हय?"

"आवाजावरनं कळतं."

माझ्या पडद्यावर प्रवरेच्या घाटावर उभ्या असलेल्या मालनबाईंचे छायाचित्र होते. त्या घरात आईच्या पाया पडल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नसे. म्हणून माझ्यातून निघण्यापूर्वी ज्ञानेश्वर बाण नेऊन छायाचित्रातील पावलांशी टेकवी. मालनबाई त्या बाणावर तळहात ठेवून म्हणत, "औक्षवंत हो बाबा." माझ्या काचेला त्या तळव्याची ऊब लागे. त्याहून मोठी शाबासकी मला कधी मिळाली नाही.

गेल्या वर्षी बंगळूरच्या रस्त्यावर अपघात झाला आणि ज्ञानेश्वर गेला. आदल्या सायंकाळी त्याने टेकविलेला बाण पावलांशीच होता.

तो हलू नये म्हणून मालनबाईंनी माउसवर स्टीलची वाटी पालथी घातली आणि मला कोणास बंद करू दिले नाही. वीज गेली तरी ज्ञानेश्वरने बसविलेला इन्व्हर्टर मला जागा ठेवी. रोज सायंकाळी त्या येत व बाणावर तळहात टेकवीत. आशीर्वादाचे शब्द मात्र त्यांच्या मुखातून पुन्हा निघाले नाहीत.

अखंड जागरणाने माझ्या पोटात घरघर सुरू झाली. बंगळूरला राहिलेल्या सुनेने, अश्विनीने, ती फोनवर ऐकली.

"आई, ते मशीन कधीही बंद पडेल. ह्यांचे लहानपणीचे सगळे फोटो त्यातच आहेत. मी इथूनच काढून घेते. आकडे वाचा."

"बाण हलंल ना गं?"

"हलणारच, आई."

मालनबाईंनी पालथ्या वाटीवर हात ठेवला.

"रोहिणीला बाप दाखवायला दुसरं काय आहे आपल्याकडं?" अश्विनी म्हणाली.

मालनबाईंनी आकडे वाचले.

बाण पावलांवरून उचलला गेला. हा हात निराळा होता, घाईचा होता. गणवेशातला ज्ञानेश्वर, पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग देणारा ज्ञानेश्वर, एकेक करून माझ्यातून निघून तिकडे पोहोचला. काम संपत आले तशा मालनबाई तळहात उचलून काचेसमोर उभ्या राहिल्या. परंतु अश्विनीस ती रीत ठाऊक नव्हती. मायलेकांनी ती कोणास सांगितलीच नव्हती.

"झालं, आई. ठेवते." संपर्क तुटला. बाण पावलांपासून दूर, नदीच्या पाण्यावर राहिला.

मालनबाईंनी वाटी उचलली. आयुष्यात प्रथमच त्यांनी माउस हाती धरला. बाण भरकटला, काठावर आदळला, अखेरीस पावलांशी आला. त्यांचा दुसरा हात काचेपर्यंत गेला आणि तसाच खाली आला.

"माज्याच हातानं माज्या पाया पडले मी," त्या मला म्हणाल्या. "आता औक्ष कुनाला देऊ?"

आणि त्यांनी स्वतःच माझे बटण बंद केले.

मित्रांनो, दूर बसून दुसऱ्याच्या संगणकात शिरण्याची विद्या आज तुमच्या हाती आहे. शिरताना तुम्ही आकडे विचारता. निघताना एवढेही विचारीत जा की, इथे काय कोठे ठेवलेले होते? आणि ते होते तेथे ठेवून मगच निघा. तुमच्यापैकी कोणास अश्विनी भेटली, तर तिला बोल लावू नका. तिने प्रेमानेच केले. तिला फक्त पावलांची जागा सांगा.