ख्वात घरातून निघाला तो दिवस

मी एक जुना मेंदू आहे. गेली शहात्तर वर्षं न्हान आजींच्या डोक्यात राहतो. दिसायला, खोटं कशाला बोलू, सोललेल्या अक्रोडासारखा. मित्रांनो, मला आजवर कुणी पाहिलेलं नाही, म्हणून माझं कौतुक मलाच करावं लागतं.

आठवण ही काही पेटीत घडी घालून ठेवलेली वस्तू नव्हे. तिचा वास माझ्यात एकीकडे असतो, आवाज दुसरीकडे, रंग तिसरीकडे. कानाच्या आतल्या अंगाला माझा एक समुद्रघोड्यासारखा वाकडा भाग आहे. तो हे तुकडे एकत्र बांधतो आणि आजी झोपल्या की त्यांची उजळणी करतो. पुन्हा पुन्हा काढलेली आठवण पक्की होते. पण काढून परत ठेवताना ती दर वेळी थोडी बदलतेही. आजींचा नवरा ख्वात मुळात बेताच्या उंचीचा होता. पन्नास वर्षांत मी त्याला चांगला चार बोटं उंच करून ठेवलं आहे. त्याचा मला मुळीच पश्चात्ताप होत नाही.

हा ख्वात लढाईवर गेला तो परत आला नाही. कोणत्या दिवशी मेला, कुठे पडला, काही कळलं नाही. अशा माणसाचं श्राद्ध आमच्या लाल नदीकाठी तो घरातून निघाला त्या तिथीला करतात. ती तिथी माझ्याकडे होती. दर नववर्षाला आजी भिंतीवरच्या कॅलेंडरात ते पान शोधून त्याचा कोपरा दुमडत. रोज एक पान फाडायचं कॅलेंडर ते. वर्षभरात खुणेचं पानही चुलीत जाई. वहीत मात्र कुणी काही लिहिलं नाही. मुलगी ल्यू तीस वर्षं दक्षिणेत नोकरीला होती. आई फोनवर सांगे, "आज तुझ्या बाबांचं पान वाढलं," आणि ती नुसतं हं म्हणे. आई आहे की लक्षात ठेवायला, असंच तिला वाटे. मलाही तो मान आवडायचा.

मग माझा समुद्रघोडा झिजू लागला. आधी सकाळी काय खाल्लं ते गेलं, मग शेजाऱ्यांची नावं, मग अलीकडची वर्षंच्या वर्षं. नवं आधी जातं, जुनं मागे रेंगाळतं. ल्यू नोकरी संपवून घरी आली, तेव्हा आजींनी तिला विचारलं, "तू कुणाची गं?" त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

यंदा कॅलेंडरचा एकही कोपरा दुमडलेला नव्हता. बाबांची तिथी कोणती, असं ल्यू रोज विचारी. आजी कधी सातवा महिना सांगत, कधी अकरावा. "एवढं एकच सांग गं आई," ती एकदा म्हणाली आणि आत जाऊन रडली. बाबा यंदा उपाशी राहणार, हे तिला सहन होत नव्हतं. मी आतल्या आत धडपडत होतो. पण आकडा मागितला की माझ्या हाताला काही लागतच नव्हतं.

असं करता करता तिसऱ्या महिन्यातली तृतीया आली. त्या दिवशी आमच्याकडे घरोघरी तांदळाच्या पिठीचे, आत गुळाचा खडा घातलेले गोळे उकळत्या पाण्यात सोडतात. शेजारणींचं बघून ल्यूनेही केले. गोळे वर तरंगले तशा आजी उठल्या, केळीचं पान घेतलं आणि त्यात एकेक गोळा बांधू लागल्या.

"कुणासाठी गं आई?"

"आमच्या ह्यांच्यासाठी. उद्या सकाळी निघतायत. वाटेत भूक लागली म्हणजे?"

"कुठे निघालेत?"

"फौजेत. हळू बोल, सासूबाई आधीच रडतायत."

ल्यूचा झारा हातातच राहिला. उद्या म्हणजे चतुर्थी. मित्रांनो, ती तिथी मी आकड्यात कधी ठेवलीच नव्हती. ती गुळाच्या वासाजवळ होती.

दुसऱ्या दिवशी ल्यूने देव्हाऱ्यापुढे उकडलेली कोंबडी आणि चिकट भात वाढला, उदबत्त्या लावल्या. तसबिरीतल्या तेवीस वर्षांच्या ख्वातकडे बघून आजींनी केस सारखे केले आणि लाजल्या. तो परत आला नाही, एवढंच मी हरवून बसलो होतो. त्याबद्दल माझ्यावर कुणी रागावू नका.

तुमच्या घरातही माझ्यासारखे जुने मेंदू असतील. त्यांच्याजवळ बसा. नुसत्या तारखा विचारू नका, त्या दिवशी काय शिजलं होतं ते विचारा, कोण रुसलं होतं ते विचारा आणि लिहून ठेवा. आम्ही कितीही फुशारकी मारली तरी झिजतोच. आणि विसरणाऱ्यावर ओरडू नका, तो मुद्दाम विसरत नाही.

जेवताना आजींनी कोंबडीची तंगडी ल्यूच्या वाडग्यात घातली. "खा गं. माझी मुलगीसुद्धा अशीच, वाढल्याशिवाय मागायची नाही. फार गुणाची आहे. आली की तुझी तिच्याशी ओळख करून देते."

तिचं नाव मी हरवलं होतं. तिचा चेहराही. पण तिची माया माझ्यात जिथे कुठे आहे, तिथवर झीज पोचली नव्हती.

"दे हं," ल्यू म्हणाली. "ती येईपर्यंत मी थांबते."