पुनारामचा जबाब

"बस, यहीं रोको. फिर से सुनाओ," राईस मिलचे मुनीम घनश्याम म्हणाले.

नीळकंठने रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. कॉम्प्युटरवर हिरवी रेघ सरकू लागली. बॉयलर फुटून भाजलेला पुनाराम दवाखान्यातल्या खाटेवरून तुटक तुटक बोलत होता. "कमला... पोरीले शाळेतून काढजो नको... माही चूक नाही होती."

मुनीमने हा जबाब स्वतःच टेप केला होता. दोन दिवसांनी पुनाराम गेला.

"यातला 'नाही' काढा."

२००३ साल होतं. बालाघाटात रिक्षावरून वाजणाऱ्या जाहिराती नीळकंठच भरून देई. खोकला, अडखळणं कापून टाकणं हा त्याच्या हातचा मळ होता.

"मुनीमजी, मरणाऱ्या माणसाचं बोलणं हाय हे."

"दुकान किसका है, पता है ना?"

दुकान मिलच्या शेठचं होतं. पुनाराम पुस्तकी मराठीत 'नव्हती' म्हणाला असता, तर 'नाही' असा सुटा निघालाच नसता. पण तो घरच्या बोलीत बोलला होता. नीळकंठने शब्द निवडला, बटण दाबलं. सांधा कुठे ऐकूही येईना. मुनीमने नवी कॅसेट भरून घेतली, जुनी खिशात घातली आणि कॉम्प्युटरवरचं मूळ रेकॉर्डिंग समोर बसून पुसायला लावलं.

महिन्याभराने खैरलांजीकडून पुनारामची बायको कमला आली.

"भाऊ, भरपाईची केस गेली. त्यायनं स्वतःच कबूल केलं म्हणते. लेबर ऑफिसातल्या साहेबाजवळच्या कॅसेटीवर तुमच्या दुकानाचं नाव होतं. मले तो आवाज भरून द्या. पोरगी ऐकन."

नीळकंठने कॉम्प्युटरवर उरलेलं, कापलेलं रेकॉर्डिंग लावलं. तोंडाला पदर लावून ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"म्हणजे चूक त्यायचीच होती. मी उगीच शेठच्या दारात शिव्याशाप देऊन आली. माफी मागा लागन."

नीळकंठला बसवेना. "नका जाऊ, वहिनी. तो 'नाही होती' म्हणला होता. ते 'नाही' म्या काढलं."

"काढलं? तोंडातून निघालेलं कसं काय काढता?"

त्याने पडद्यावरच्या हिरव्या रेघेत ती जागा बोटाने दाखवली.

दुसऱ्या दिवशी दोघं साहेबासमोर उभे राहिले. मूळ कॅसेट आहे का, साहेबाने विचारलं. नव्हती. मुनीमने कानांवर हात ठेवले.

"आवाज़ तो उसी की है ना?"

"हौ साहेब, पण..."

साहेबाने फाईल पुन्हा दोरीने बांधली.

आठवड्याभरात नीळकंठला दुकान खाली करावं लागलं. तो वायरी गुंडाळत होता तेव्हा कमला पुन्हा आली. कॅसेट मागायला नव्हे.

"भाऊ, त्यायचं ते बोलणं तुमी ऐकलं. मुनीम तर सांगणार नाही. ते कसे म्हणले, तसंच सांगा मले."

 नीळकंठने वायर खाली ठेवली आणि पुनाराम जिथे जिथे थांबला होता तिथे तिथे थांबत त्याने सगळं सांगितलं.

"रडत होते का?"

"नाही, वहिनी. सरळ बोलला. बाजूले कोणी घरचं बसलं असावं तसं."

"आणखी एक डाव सांगा."

त्याने पुन्हा सांगितलं. ऐकताना तिचे ओठ हलत होते. मग तिने पदराने तोंड पुसलं, पिशवी उचलली आणि शब्द विसरू नयेत म्हणून कुणाशी न बोलता बसस्टँडकडे चालू लागली.