हिरवा तक्ता

आमचा साहेब ओल्झास केमेलोविच ह्याला संगणकातलं काही कळत नाही, हे आमच्या इमारतीत फरशी पुसणाऱ्या बाईलाही ठाऊक होतं. त्याला रंग मात्र कळायचे. दर महिन्याला राजधानीत, अस्तानाच्या मुख्यालयात एक तक्ता जायचा. ज्या यंत्रावर नवे पॅच, म्हणजे प्रणालीतल्या दुरुस्त्या, चढले ते हिरवं, ज्यावर राहिले ते पिवळं. आमच्या साहेबांची सगळी विद्या त्या तक्त्यात मावायची. पिवळा रंग दिसला की ते जेवण टाकून माझ्या खोलीत यायचे.

आमच्या खाणीच्या शहराला गरम पाणी पुरवणाऱ्या पंपांना हुकूम देणारी दोन युनिक्स यंत्रं माझ्या ताब्यात होती. ती जोडीनं चालायची. एक पडलं की दुसरं चाळीस सेकंदांत त्याचं काम उचलायचं. दोन्ही एकदम पडली, तर उणे तीसच्या थंडीत माणसं धाडून पंप हातानं चालवायचे, आणि तोवर घराघरांतले पाइप फुटायचे. म्हणून पॅचचा नियम साधा होता. एका यंत्रावर चढवायचा, आठवडाभर वाट पाहायची, मग दुसऱ्यावर. चढवताना जुन्या फायली बाजूला जपून ठेवायच्या, म्हणजे पॅच वाईट निघाला तर काढता येतो. अठरा वर्षं मी हेच करत आले.

डिसेंबरात मोठा पॅच आला आणि महिनाअखेरीस तपासणीची समिती येणार असंही कळलं. साहेबांनी मला बोलावून घेतलं.

"कुल्याश आपाय," ते म्हणाले; वयानं मोठ्या बाईला आमच्याकडे आपाय म्हणतात. "दोन्हीवर आजच चढवून टाका."

"आज एकावर. दुसऱ्यावर पुढच्या सोमवारी."

"म्हणजे सोमवारपर्यंत तक्ता पिवळा? माझं नाक कापायचंय का तुम्हाला?"

"शिवाय डिस्कवर जागा नाही. जुन्या फायली ठेवू कुठे?"

जागा का नव्हती, तेही सांगते. साहेबांचा मुलगा चालायला लागला, तेव्हा रीतीप्रमाणे त्याच्या पायातला दोरा कापायचा समारंभ झाला. त्याचं नऊ तासांचं चित्रण साहेबांनी आमच्या यंत्रावर आणून टाकलं होतं. घरच्या संगणकात मावत नव्हतं म्हणे. सबंध शहराच्या उबेच्या उरावर त्यांचे पाहुणे नऊ तास घोड्याचं मांस खात बसले होते.

"मग नका ठेवू जुन्या फायली," साहेब म्हणाले. "तशी सोय असते ना? पॅच काढायचाय कुणाला?"

"त्यापेक्षा तो समारंभ काढा की."

"त्यात माझी आई नाचलीय, आपाय. तो नाही निघायचा."

मग माझ्या शेजारी खुर्ची ओढून त्यांनी पहिल्या यंत्रावर पॅच चढवून घेतला, जुन्या फायली न ठेवता. तेवढ्यात त्यांना कुठल्याशा जेवणाचं बोलावणं आलं. "दुसरं तुम्ही उरका," म्हणाले आणि टोपी चढवून गेले. मी उरकलं नाही. दुधाचा चहा केला, कणकेचे तळलेले दोन बाउरसाक खाल्ले, तक्ता उघडला आणि दुसऱ्या यंत्रासमोर हिरवा रंग भरून टाकला. असल्या तक्त्याची लायकी तेवढीच, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मजाही वाटली.

तिसऱ्या दिवशी पहिलं यंत्र गोठलं, म्हणजे कुठल्याच हुकमाला दाद देईना. दुसऱ्यानं भार उचलला. पहिलं पुन्हा चालू केलं, ते दोन दिवसांनी पुन्हा गोठलं. पॅच काढायला जुन्या फायली नव्हत्या. टेपवर जपलेल्या प्रतीवरून सगळं यंत्र नव्यानं उभारायला दोन दिवस लागले असते, आणि तेवढे दिवस तक्ता पिवळा झाला असता.

"समिती जाऊ द्या, मग बघू," साहेब म्हणाले.

समितीच्या प्रमुख राउशान झाकिपोव्हना. बारीक बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, समोर ठेवलेल्या मिठाईला हात लावला नाही. साहेब कोट सावरत उभे राहिले.

"पॅच दोन्ही यंत्रांवर एकाच दिवशी चढवला. दुसरं यंत्र तीन आठवडे एकदाही अडखळलेलं नाही. म्हणजे पॅच उत्तम. पहिल्याची मेमरी खराब दिसतेय, बदलून घेऊ."

मला हसू आवरेना. तेवढ्यात राउशान झाकिपोव्हना आपल्या माणसाकडे वळल्या.

"अशीच यंत्रं असलेल्या बाकीच्या अकरा शहरांना कळवा. हाच पॅच उद्या दोन्ही यंत्रांवर एकदम. पुढच्या आठवड्यात उणे अडतीस सांगितलंय, त्याआधी उरकू दे."

मी मनात हिशेब केला. अकरा शहरांत दोन-दोन यंत्रं एकाच पॅचनं गोठणार होती, भार उचलायला कुणी उरणार नव्हतं. आणि हे सगळं माझ्या त्या एका हिरव्या चौकोनाच्या भरवशावर चाललं होतं. ओल्झास केमेलोविच आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलत नव्हता. मी लिहिलेलं वाचून दाखवत होता.

मी उभी राहिले. "दुसऱ्या यंत्रावर तो पॅच नाहीच."

"आपाय, बसा," साहेब म्हणाले. "दमल्यात हो त्या. निवृत्तीला आल्यात."

मी चढवलेल्या पॅचची यादी काढली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. पहिल्यात होता, दुसऱ्यात नव्हता.

"तक्ता कुणी भरला?" राउशान झाकिपोव्हनांनी विचारलं.

"मी."

"नोकरी जाईल, कळतंय ना?"

"कळतंय."

त्यांनी तिथल्या तिथे फोन करून हुकूम थांबवला. तेव्हा कुठे साहेबांना कंठ फुटला. "बघा! माझ्या पाठीमागे! मी डोळे मिटून विश्वास टाकला होता हिच्यावर!"

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि त्याची मला भयंकर चीड आली.

"एवढं सगळं कळत होतं," राउशान झाकिपोव्हना मला म्हणाल्या, "तर त्याच दिवशी लेखी नकार का दिला नाहीत? आमच्याकडे का पाठवला नाहीत?"

सांगण्यासारखी कारणं पुष्कळ होती. डिस्क, समारंभ, वरिष्ठांचा हुकूम. पण त्या चष्म्यावरून पाहत होत्या, आणि माझ्या तोंडून खरं तेच निघालं.

"ह्यांच्याशी वाद घालायचा मला कमीपणा वाटला."

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "हेच लिहा. खाली सही करा."

मी लिहिलं आणि एकदा वाचून पाहिलं. आपलं नाक जपायला मीही शहरं पणाला लावली होती; ते वाक्य मला ओल्झास केमेलोविचनं लिहिल्यासारखं वाटलं.