दमयंतीबाईंची गाठ आणि पळस्प्याचा बर्फ

मित्रांनो, मी एक रुंद तोंडाचा जुना थर्मास आहे. माझा निळा रंग उडाला, पण आतली काच अजून शाबूत आहे. मला घडवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आइस्क्रीम असेल. पद्मजाने पनवेलच्या बाजारातून मला घेतले ते मात्र वेगळ्याच कामासाठी.

पद्मजा पुण्याच्या एका प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींवर संशोधन करत होती. पनवेलच्या दवाखान्यात गाठीचा तुकडा काढला, की तो बंद कुपीत घालून, कुपी माझ्यातल्या बर्फात खोचून ती एसटीने पुण्याला नेई. बर्फ वितळला तर तुकड्यातली प्रथिने नासत आणि सगळेच वाया जाई. "माझ्या थर्मासाने कधी दगा दिला नाही," असे ती सगळ्यांना सांगे. मला फार बरे वाटे.

१९९१ साली मी दमयंतीबाईंच्या छातीतल्या गाठीचा तुकडा नेला. बाई म्हणजे पद्मजाच्या शाळेतल्या गणिताच्या शिक्षिका. औषधाने त्यांना चांगला गुण आला. पण पुढच्याच वर्षी काखेत नवी गाठ उठली आणि ती त्याच औषधाला दाद देईना.

नव्या गाठीचा तुकडा काढला त्या सकाळी बाईंनी पद्मजाचा हात धरला. "पद्मा, मुलीच्या लग्नात मी एक डोस आठवडाभर पुढे ढकलला होता गं. त्याच्यामुळेच का हे?"

पद्मजाने कुपी माझ्यातल्या बर्फात खोल खोचली. मग मला उचलून ती एसटी स्टँडकडे निघाली.

त्या दिवशी एसटी पळस्प्याच्या नाक्यावर बंद पडली. एप्रिलचे ऊन. तास गेला. मागून येणाऱ्या गाड्या भरलेल्या, एकही थांबेना. माझ्या पोटात पाणी खळखळू लागले. पद्मजा घडीघडी झाकण उघडून पाही आणि दरवेळी गरम हवा आत शिरे. उघडू नकोस, असे मला ओरडून सांगावेसे वाटे.

शेजारी भामा नावाची बाई मासळीची पाटी घेऊन बसली होती. "काय हाय गो त्यान?"

"माझ्या बाईंच्या गाठीचा तुकडा आहे, मावशी. तपासायला नेतेय. बर्फ संपला तर तो वाया जाईल."

भामाने पाटीतले बोंबील बाजूला सारले आणि खालचा बर्फ ओंजळी भरभरून माझ्यात ओतला.

"अहो, तुमची मासळी नासेल!"

"नाय खपली तं सुकवीन. तुजी बाय परत कापून घेल काय?"

अखेर एक गाडी थांबली. पुण्याला पोहोचलो तेव्हा माझ्यात बर्फाचे चारच खडे उरले होते.

काही दिवसांनी जुन्या आणि नव्या तुकड्यातली प्रथिने रेघांनी शेजारी शेजारी दाखवणारी फिल्म तयार झाली. एका प्रथिनाची रेघ जुन्या तुकड्यात जेमतेम दिसत होती. नव्यात ती जाड आणि काळीभोर होती. ते प्रथिन पेशीच्या आवरणात पंपासारखे बसते आणि आत आलेले औषध बाहेर फेकते.

पद्मजाने ती फिल्म डॉक्टरांना दाखवली. "एवढ्यावरून खात्री देता येत नाही," ते म्हणाले, "पण या पंपाला बाहेर टाकता येणार नाही असं औषध देऊन पाहू."

मग ती बाईंकडे गेली. "बाई, डोस आठवडाभर लांबला म्हणून असं होत नाही. औषध बाहेर फेकणाऱ्या पेशी त्याला पुरून उरल्या आणि त्याच वाढल्या."

बाई म्हणाल्या, "मुलीला सांगायला हवं. तीही स्वतःलाच दोष देत बसली आहे."

नव्या औषधाने गाठ ओसरली. बाईंना आणखी अडीच वर्षे मिळाली. मग त्या गेल्या.

प्रयोगशाळेत नव्या पेट्या आल्या आणि मी कपाटावर जाऊन पडलो. आता माझ्यात जुन्या चाव्या आणि रबरबँड असतात.

मित्रांनो, घरात कुणाला औषध लागू पडेनासे झाले, तर "तूच पथ्य पाळले नाहीस" असे म्हणू नका. लगेच डॉक्टरांना सांगा. आणि त्या माणसाजवळ बसून, मनात काय सलते आहे, ते विचारा. आपणहून बोलणे त्याला फार जड जाते.